वादसभेतला नास्तिक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

धर्म आणि विज्ञान यांवरच्या जाहीर वादांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. आलेली बहुतेक पत्रं स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांची आहेत आणि आपली बाजू खरी असूनही सभेत ती लंगडी का पडते, ही खंत जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : बिल नाय आणि केन हॅम यांचा गाजलेला वाद यूट्यूबवर पाहिला. नाय यांची बाजू बरोबर, तरी हॅम यांचे कितीतरी मुद्दे उत्तराविना राहिले. बघून फार अस्वस्थ झालो. आपला माणूस हरला असं समजायचं का? (सांगली)

ज्यांनी तो वाद पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या ‘क्रिएशन म्युझियम’मध्ये तो झाला. हॅम हे ते संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख. बायबलमधली उत्पत्तीची कथा अक्षरशः खरी आहे आणि पृथ्वीचं वय जेमतेम सहा हजार वर्षं आहे, असं ते मानतात. नाय हे मूळचे यांत्रिकी अभियंते, टीव्हीवर मुलांना विज्ञान शिकवून घराघरांत पोचलेले. प्रत्येकाला आधी पाच मिनिटं, मग मांडणीला तीस, मग प्रतिवादाला पाच-पाच मिनिटं आणि शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न, अशी रचना होती.

घोळ या रचनेतच आहे. ‘उत्क्रांती उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात बसत नाही’ हे वाक्य म्हणायला पाच सेकंद पुरतात. ते खोडायचं तर आधी नियम काय तो सांगा. मग एन्ट्रॉपी (म्हणजे ढोबळमानाने अव्यवस्थेचं माप) घटू शकत नाही ही अट बाहेरच्या जगाशी ऊर्जेची देवाणघेवाण नसलेल्या व्यवस्थेला आहे हे सांगा. मग पृथ्वीला सूर्याची ऊर्जा सतत मिळते हे सांगा. मग एका बीचं झाड होतं तेव्हाही हा नियम मोडत नाही हे दाखवा. श्रोत्याला कळेल असं सांगायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे पाच मिनिटांच्या प्रतिवादात असे दोन मुद्देही बसत नाहीत आणि समोरच्याने त्याच वेळात वीस फेकलेले असतात. या युक्तीला ‘गिश गॅलप’ म्हणतात. ड्वेन गिश हे सृष्टिनिर्मितीवादी वक्ते ती सर्रास वापरत, म्हणून यूजिनी स्कॉट यांनी १९९४मध्ये तिला हे नाव दिलं. मंचावर मुद्दा अनुत्तरित राहिला याचा अर्थ त्याला उत्तर नाही असा होत नाही.

नाय यांचा सगळ्यात चांगला मुद्दा साध्या गणिताचा होता. बायबलमधल्या महापुरानंतर नोहाच्या नौकेतून, त्यात वाचलेले, सुमारे ७,००० प्रकारचे प्राणी उतरले, याला ४,००० वर्षं झाली, हा समोरच्या बाजूचा हिशेब. आज १ कोटी ६० लाख प्रजाती आहेत असं धरलं, तर ४,००० वर्षांत रोज सरासरी अकरा नव्या प्रजाती निर्माण व्हायला हव्यात. हा मुद्दा लागू पडला कारण त्यात वर्षं आणि सुरुवातीचे प्राणी प्रतिपक्षाचेच होते आणि भागाकार कुणालाही जागेवर करून बघता येत होता.

असा व्हिडिओ पुन्हा पाहाल तेव्हा कागदावर तीन रकाने आखा : दावा काय, त्याला पुरावा दिला का, समोरून उत्तर आलं का. दर दाव्याला व्हिडिओ थांबवून लिहा. टाळ्या, हशा, आवाजाची पट्टी यांना रकाना नाही. शेवटी अनुत्तरित दाव्यांपैकी सगळ्यात वजनदार वाटतील ते दोन निवडा आणि आठवडाभरात त्यांची उत्तरं शोधा. आपल्या वक्त्याच्या दाव्यांनाही हेच रकाने लावा. बहुतेक जण हे टाळतात.

पुराव्याची खरी झटापट बघायची असेल तर मंचाऐवजी कोर्टाकडे वळा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, डोव्हर गावच्या शाळेत ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीव कुणा बुद्धिमान शक्तीने घडवले असा दावा) घुसवण्यावरून २००५मध्ये खटला चालला. जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक मायकेल बेही त्या बाजूचे मुख्य साक्षीदार. रोगप्रतिकारक यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर विज्ञानाच्या साहित्यात नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. उलटतपासणीत वकिलाने याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली काही प्रकरणं त्यांच्यासमोर रचून ठेवली. बेही म्हणाले, हे पुरेसं नाही. त्याच साक्षीत, तुमच्या व्याख्येने फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धान्त ठरेल ना, या प्रश्नाला त्यांना हो म्हणावं लागलं. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ला १३९ पानी निकाल दिला : हे विज्ञान नाही. मंचावर बेही यांना पुढच्या मुद्द्यावर उडी मारता आली असती. साक्षीच्या पिंजऱ्यात तोच प्रश्न वकील चार वेळा विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

प्रश्न : एका प्रवचनकारांनी सांगितलं की बिग बँग म्हणजेच ईश्वराने केलेली निर्मिती. आमच्या वक्त्याने ठणकावून सांगितलं की बिग बँगने ईश्वराची गरज संपवली. मी टाळ्या वाजवल्या. पण नंतर वाटलं, दोघांनी एकाच सिद्धान्तातून उलटे निष्कर्ष कसे काढले? (ठाणे)

तुमची शंका रास्त आहे. दोघांनीही सिद्धान्त जितकं सांगतो त्याच्या पुढे उडी मारली. विश्व पूर्वी अतिशय तप्त आणि दाट होतं, ते प्रसरण पावत थंड होत गेलं, याला भक्कम पुरावा आहे. त्या अवस्थेच्या आधी काय होतं आणि ‘आधी’ या शब्दाला तिथे अर्थ उरतो का, याबद्दल अनेक प्रारूपं आहेत आणि एकही पक्कं ठरलेलं नाही.

या वादाचा इतिहास प्रत्येक नास्तिकाने माहीत करून घ्यावा असा आहे. प्रसरणशील विश्वाची मांडणी १९२७मध्ये करणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधले कॅथलिक धर्मगुरू. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५१मध्ये भाषणात सुचवलं की आधुनिक विज्ञान सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देत आहे. लमेत्र यांना ते अजिबात रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्मशास्त्राच्या प्रश्नांपासून अलग राहिला पाहिजे अशी त्यांची भूमिका होती, आणि पोपनी पुन्हा असं विधान करू नये यासाठी त्यांनी प्रयत्न केले. दुसऱ्या टोकाला होते नास्तिक फ्रेड हॉइल. विश्वाला आरंभ असणं त्यांना पटत नव्हतं. ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९च्या रेडिओ भाषणात वापरलं. त्यांचा स्थिर स्थितीचा सिद्धान्त आपल्याकडे परिचित आहे तो त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांच्यामुळे. १९६५मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना विश्वाच्या सर्व दिशांकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण, म्हणजे त्या आरंभीच्या तप्त अवस्थेची उरलेली ऊब, सापडलं आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ बिग बँगकडे वळले.

धर्मगुरूचा सिद्धान्त टिकला, नास्तिकाचा मागे पडला, आणि दोन्ही वेळा कुणाची श्रद्धा काय हे विचारावं लागलं नाही. म्हणून विश्वोत्पत्तीचं प्रारूप आपल्या मताला सोयीचं आहे का यावरून निवडू नका. उद्या पुरावा बदलला तर तुमची नास्तिकता का डळमळावी? ती त्या पायावर उभी नसावी.

प्रश्न : इस्रोचे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी तिरुपतीला जातात, मग तुम्ही कोण मोठे, असं काका दर वेळी विचारतात. उत्तर सुचत नाही. (नाशिक)

उड्डाणाआधी यानाची छोटी प्रतिकृती तिरुपतीला नेण्याचा प्रघात आहे, हे खरंच आहे. ते नाकारू नका आणि त्या शास्त्रज्ञांना नावंही ठेवू नका. काकांना एवढंच विचारा : यान फसल्यावर इस्रो काय तपासते? ३१ ऑगस्ट २०१७ला पीएसएलव्ही-सी३९ या प्रक्षेपकाचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही आणि उपग्रह आत अडकला. १२ ऑगस्ट २०२१ला जीएसएलव्ही-एफ१०चा क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचा) टप्पा पेटला नाही. दोन्ही वेळा शोध घेतला गेला तो सुट्या भागांचा, झडपांचा, दाबाच्या नोंदींचा. पूजेत काय उणं राहिलं याची चौकशी समिती कधी नेमली गेली नाही. शास्त्रज्ञ मनात काय बाळगतो आणि कामात कशावर भिस्त ठेवतो, यातला हा फरक.

आणखी एक उदाहरण जवळ ठेवा. १९७९चं भौतिकीचं नोबेल अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लाशो यांना विभागून मिळालं. सलाम श्रद्धाळू मुसलमान, वाइनबर्ग उघड नास्तिक. विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांना जोडणाऱ्या एकाच सिद्धान्तावर दोघे स्वतंत्रपणे पोचले. ‘एवढा मोठा शास्त्रज्ञ देव मानतो’ हा पुरावा नाही, तसा ‘एवढा मोठा शास्त्रज्ञ देव मानत नाही’ हाही नाही. आपल्या गटातही आइन्स्टाइनचं नाव लावून वाक्यं फिरतात, तिथेही हेच लागू.

प्रश्न : ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?’ याला एका वाक्यात उत्तर द्या. (परभणी)

माणूस आजच्या माकडापासून झाला असं उत्क्रांतीचा सिद्धान्त म्हणतच नाही. माणूस आणि आजची माकडं यांचे पूर्वज एक होते, असं तो म्हणतो.

जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हाच आक्षेप जाहीरपणे घेतला. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून त्याचं खंडन केलं. तुमच्याकडे वेळ असेल तर जमिनीवरच्या प्राण्यांपासून झालेल्या देवमाशाचं उदाहरण द्या. जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटजवळ सापडलेल्या ‘इंडोहायस’ या मांजराएवढ्या, खुरांच्या प्राण्याच्या कानाच्या हाडाची विशिष्ट जाड घडण देवमाशांशी जुळते. तो बदल होताना कुणी पाहिला नाही. हाडं मात्र हातात घेऊन बघता येतात.

प्रश्न : टीव्हीवर ज्योतिषी आणि विवेकवादी यांची चर्चा म्हणजे नुसता आरडाओरडा. यातून काही सिद्ध होतं का? (पुणे)

चर्चेतून नाही, चाचणीतून होतं, आणि ती पुण्यातच झाली आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८मध्ये ती घेतली. दोनशे कुंडल्या : शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. दोन्ही मिसळून, सांकेतिक क्रमांक घालून, प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या चाळीस पाठवल्या. कोणती कुंडली कुठल्या गटातली एवढंच ओळखायचं. कोणता क्रमांक कुणाचा हे ज्योतिष्यांना तर नाहीच, चाचणी घेणाऱ्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आले तर यश मानायचं, हे आधीच ठरलं होतं.

अठ्ठावीसच का, हे समजून घ्या. दोनच पर्याय असल्यामुळे नाणं उडवूनही सरासरी वीस बरोबर येतात. निव्वळ योगायोगाने अठ्ठावीस किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही थोडी कमी. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात जास्त गुण चोवीस, एकाचे. त्याखाली दोघांचे बावीस-बावीस. बाकी सगळे वीस किंवा त्याखाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, १०२ बरोबर आल्या. चोवीस ऐकून कुणी भारावेल, म्हणून सांगतो : चोवीस किंवा अधिक योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात तेरा-चौदा असते. सत्तावीस जण नाणं उडवायला बसले असते तर तिघा-चौघांना एवढे मिळायला हवे होते.

अशा चाचण्या फसतात त्या ठरावीक जागी. निकालानंतर ‘आईवडलांच्याही कुंडल्या हव्या होत्या’, ‘हा विषय कुंडलीतून दिसतच नाही’ असे आक्षेप निघतात. म्हणून चाचणीआधी कागदावर घ्या : काय ओळखणार, त्यासाठी कोणती माहिती लागेल, किती बरोबर म्हणजे यश, आणि अपयश आलं तर काय मान्य करणार. हे दावेदारानेच ठरवावं आणि सही करावी. दुसरी चूक म्हणजे नमुना फार लहान घेणं. दहाच कुंडल्या घेतल्या तर सात किंवा अधिक बरोबर येणं सहापैकी एका माणसाला नुसत्या नशिबाने साधतं.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या व्याख्यानमालेत ‘देव आहे का?’ असा वाद ठेवायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (सातारा जिल्हा)

पहिली सूचना : हा विषय ठेवू नका. ‘देव’ म्हणजे काय यावरच दोन वक्ते एकमत होणार नाहीत आणि दीड तास त्यातच जाईल. नेमकं विधान घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये त्याविरुद्धची याचिका फेटाळली. ‘विद्यापीठात फलज्योतिष शिकवू नये’ हे विधान घेतलंत तर दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राच्या ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य कळावं म्हणून, जिंकण्यासाठी, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडण्यासाठी. आयोजकाने नियम बांधले नाहीत तर सभा आपोआप दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराकडे घसरते. तेव्हा महिनाभर आधी दोन्ही वक्त्यांकडून एकेक पान लिहून घ्या, त्यात जास्तीत जास्त पाच मुद्दे, आणि ती पानं एकमेकांना द्या. सभेत नवा मुद्दा नाही. गिश गॅलपवर हाच उपाय. मांडणीला प्रत्येकी बारा मिनिटं, मग प्रत्येकी आठ मिनिटं थेट प्रश्न विचारायला, मग सहा मिनिटं समारोप, नंतर अर्धा तास श्रोत्यांचे प्रश्न. आठ मिनिटांची प्रश्नोत्तरं कोणत्याही कारणाने कापू नका, खरी परीक्षा तिथेच होते. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या आणि अध्यक्षांनी वाचावेत. माइक फिरवला की प्रश्नाऐवजी भाषणं येतात. सत्कार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत मिळून दहा मिनिटांत उरका, नाहीतर तो वेळ प्रश्नोत्तरांतूनच जातो.

मत आजमावायचं असेल तर आधी आणि नंतर, दोनदा घ्या, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर श्रोत्याचा एकच क्रमांक असू द्या. २००९मध्ये लंडनला ‘कॅथलिक चर्च जगात भलं करणारी शक्ती आहे’ या विधानावर वाद झाला. आधी बाजूने ६७८, विरुद्ध १,१०२, अनिश्चित ३४६. नंतर बाजूने २६८, विरुद्ध १,८७६, अनिश्चित ३४. फरक डोळ्यांत भरतो. पण बेरीज करा : आधी २,१२६, नंतर २,१७८. म्हणजे दोन्ही वेळा मत देणारे तेच लोक नव्हते आणि नेमकी किती माणसं बदलली हे सांगता येत नाही. क्रमांक घातलात तर एका बाजूने गाडी भरून माणसं आणली तरी फसाल नाही, कारण मोजायची आहेत ती फक्त बदललेली मतं.

कायद्याचं भानही ठेवा. धार्मिक भावना जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने दुखावण्यासाठी केलेला अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९खाली येतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. विधानाची चिकित्सा करा, दैवतांबद्दल शेरेबाजी नको, हे वक्त्यांना लेखी कळवा. पूर्ण कार्यक्रमाचं अखंड चित्रीकरण करून ठेवा. भांडणं लागतात ती कापलेल्या वीस सेकंदांच्या तुकड्यावरून. लाउडस्पीकरची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत संपवा.

प्रश्न : माझी आई वारीला जाते. आमच्या नास्तिकांच्या ग्रुपवर वारकऱ्यांची टिंगल चालते आणि ती मला सोसवत नाही. मी कच्चा नास्तिक आहे का? (बार्शी)

अजिबात नाही. आपल्याकडे हा प्रश्न चव्हाट्यावर फार चांगल्या रीतीने चर्चिला गेला आहे. डॉ. श्रीराम लागू देव ही कल्पना निवृत्त करा असं उघड म्हणत. दाभोलकर त्याच मंचावरून सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माबाबत तटस्थ आहे, तिचा विरोध शोषणाला आहे आणि धर्माची चिकित्सा करण्याचा हक्क ती सोडणार नाही. ‘विवेकजागराचा वादसंवाद’ या नावाने या दोघांचे कार्यक्रम महाराष्ट्रभर झाले. टोकाचा मतभेद असूनही एकमेकांच्या श्रोत्यांना त्यांनी हिणवलं नाही. आमचं मत विचाराल तर नास्तिकांच्या सभेचा याहून चांगला नमुना आपल्याकडे नाही.

दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये झाला, त्यांच्या खुनानंतर. त्या कायद्यातच यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना तो लागू नाही असं लिहिलेलं आहे. लागू आहे तो भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणाऱ्याला, चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्याला. तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी वारीचा फोटो आणि खाली हसणारी चिन्हं दिसली की दोनच गोष्टी विचारा : यात तपासता येईल असा दावा कोणता? आणि कुणाचं नुकसान होतंय? दोन्हीला उत्तर नसेल तर तो संदेश काढून टाकायला सांगा, आणि त्याच वारीच्या वाटेवर कुणी कर्करोगावर अंगारा विकत असेल तर त्याचा फोटो, ठिकाण आणि वेळ लिहून ठाण्यात तक्रार द्या. आईला सोबत घेऊन गेलात तर अधिक चांगलं. अशा विक्रेत्यांचा राग बऱ्याच वारकऱ्यांनाही असतो.